न जुळलेलं रीडिंग

आधी एक कबुली देऊन टाकतो. एफईला फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला मला ग्रेटिंगवरून सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी काढायचा प्रयोग आला होता. डार्करूम, मधोमध स्पेक्ट्रोमीटर, समोर पिवळाधमक सोडियम लॅम्प आणि एका टेबलाभोवती आम्ही पाच जण. लेव्हलिंग, फोकसिंग, डावीकडचं रीडिंग, उजवीकडचं रीडिंग, व्हर्नियर, आकडेमोड, सगळं दोन तासांत. कसं जमणार? सीनियरचं जर्नल बॅगेत होतंच. उत्तर ५८९३ अँगस्ट्रॉम यायला पाहिजे हे माहीत होतं आणि ग्रेटिंगवर इंचाला १५,००० रेषा आहेत हेही माहीत होतं. मी कॅल्क्युलेटर उलटा चालवला. कोन निघाला २० अंश २२ मिनिटं. डावीकडे २० अंश २२ मिनिटं लिहिले, उजवीकडे २० अंश २१ मिनिटं. तो एका मिनिटाचा फरक खरं वाटावं म्हणून मुद्दाम ठेवला. पानावर लाल शाईत 'गुड' पडलं.

माझ्या रूमपार्टनरने मात्र दुर्बिणीतून जे दिसलं ते लिहिलं. डावीकडे २० अंश ४८ मिनिटं, उजवीकडे २० अंश ७ मिनिटं. दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात, इथे तर ४१ मिनिटांचा फरक! त्याच्या पानावर 'रिपीट' पडलं. रात्री मेसमध्ये तो कुरकुरत होता, "अरे, पण मी दिसलं तेच लिहिलं ना!" मी त्याला मोठ्या शहाणपणाने म्हटलं, "लेका, दिसलेलं लिहायचं नसतं. यायला पाहिजे ते लिहायचं असतं."

हे वाक्य तेव्हा टाळ्या घेऊन गेलं. आज तेच मागे घ्यायला हा लेख लिहितोय.

झालं असं, की टीईला सेमिनारसाठी मी एक जरा चमत्कारिक विषय निवडला. सौरज्वालांच्या वेळी अतिनील वर्णरेषा कशा वागतात? (अतिनील म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं जंबुपार.) निवडायचं कारण फार थोर नव्हतं. मार्गदर्शक सरांच्या यादीत तेवढाच शिल्लक होता. पण या विषयावरचा तयार रिपोर्ट हॉस्टेलमध्ये कुणाकडेच नसल्यामुळे खरंच वाचावं लागलं. वाचता वाचता लक्षात आलं, की ही तर आमच्या डार्करूमचीच गोष्ट आहे. फक्त लॅम्पच्या जागी सूर्य आहे, आणि 'रिपीट' पडलेलं पान लोकांनी पंचवीस-तीस वर्षं जपून ठेवलंय.

थोडं विषयाबद्दल. घाबरू नका, सोपं करून सांगतो.

सूर्याच्या डागांच्या आसपास चुंबकीय क्षेत्र पिळवटलेलं असतं. त्याच्या रेषा कधीतरी तुटून नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा काही मिनिटांत मोकळी होते. हीच सौरज्वाला. ही उलथापालथ होते वर करोनामध्ये, म्हणजे सूर्याच्या सगळ्यात बाहेरच्या विरळ आवरणात. (हा करोना आपल्या ओळखीच्या करोनाहून कितीतरी जुना बरं का!) तिथून सुटलेले वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय कमानींवरून खाली घसरतात आणि क्रोमोस्फिअर नावाच्या खालच्या दाट थरावर आदळतात. तो थर एकदम तापतो. तापलेला वायू मग दोन्ही दिशांना पळतो. वरचा भाग कोटीभर अंश तापमानाचा होऊन कमानीत वर उसळतो, आणि त्याच्या धक्क्याने खालचा भाग आणखी खाली दाबला जातो. तव्यावर पाणी शिंपडल्यावर वाफ कशी उठते, साधारण तसं. म्हणूनच याला क्रोमोस्फिअरचं बाष्पीभवन म्हणतात.

हे सगळं पंधरा कोटी किलोमीटर दूर बसून कळतं ते वर्णरेषांवरून. लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. तापमान एक कोटी दहा लाख अंशांच्या आसपास गेलं की त्यातले २० निघून जातात आणि सहा उरतात. या अवस्थेला लोह-२१ म्हणतात. ते अतिनील भागात १३५४.०८ अँगस्ट्रॉमला एक रेषा देतं. ती दिसली की समजायचं, तिथे कोटीभर अंशांचा वायू आहे. झाला थर्मामीटर. सिलिकॉन-४ ची जोडी १३९४ आणि १४०३ अँगस्ट्रॉमला असते, ती ऐंशी हजार अंशांच्या आसपासची. मॅग्नेशियमच्या एच आणि के या रेषा २८०३ आणि २७९६ अँगस्ट्रॉमला, त्या क्रोमोस्फिअरच्या. म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या मजल्यांवर काय चाललंय ते बघता येतं.

आणि रेषा जागेवरून सरकली, की तोच स्पीडोमीटर. वायू आपल्याकडे येत असेल तर रेषा निळ्या बाजूला सरकते, दूर जात असेल तर तांबड्या बाजूला. बारावीचा डॉपलर! वायू सेकंदाला २०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असेल तर १३५४ ची रेषा ०.९ अँगस्ट्रॉम सरकते. गणित करून बघा, एका ओळीचं आहे.

अडचण एवढीच, की हा प्रकाश आपल्यापर्यंत पोचतच नाही, वातावरण त्याला वरच गिळून टाकतं. म्हणजे उपकरण अवकाशात पाठवणं आलं. १९७३ साली सोडलेल्या स्कायलॅबवर सूर्याच्या अतिनील वर्णपटाचे फोटो चक्क फिल्मवर घेतले होते, आणि लोह-२१ ची ती रेषा ज्वालांच्या त्या वर्णपटांतूनच ओळखली गेली.

आता खरी गोष्ट. बाष्पीभवनाचा सिद्धांत सरळ सांगत होता, की ज्वाला पेटतानाच्या पहिल्या मिनिटांत कोटीभर अंशांचा सगळा वायू वर उसळत असणार. म्हणजे त्याची रेषा अख्खीच्या अख्खी निळीकडे सरकलेली दिसली पाहिजे. १९८० साली सोलर मॅक्सिमम मिशन हा उपग्रह गेला, १९९१ साली जपानचा योहकोह गेला. दोघांवर अशाच अतितप्त वायूच्या क्ष-किरणांतल्या रेषा मोजणारी उपकरणं होती. त्यांनी मोजलं. आणि बहुतेक ज्वालांत काय दिसलं? रेषेचा मुख्य भाग जागच्या जागी उभा, आणि निळ्या बाजूला फक्त एक शेपूट! वर उसळणारा वायू होता, पण थोडासा. बराचसा वायू जणू काही घडलंच नाही असा स्थिर.

सिद्धांत म्हणतो सगळं हललं पाहिजे, रीडिंग म्हणतं थोडंसंच हललंय. माझ्या रूमपार्टनरच्या पानासारखं, डावं-उजवं जुळत नाही.

इथे थांबून विचार करा, की त्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? एक तर मुख्य रेषा सोडून फक्त शेपटाचा वेग काढून 'सिद्धांत सिद्ध झाला' म्हणून जर्नल सबमिट केलं असतं. नाहीतर 'उपकरणात गडबड आहे' म्हणून पान फाडलं असतं. त्या लोकांनी दोन्ही केलं नाही. जुळत नाही, हे त्यांनी आकड्यांनिशी छापलं. पुन्हा मोजलं, पुन्हा जुळलं नाही, पुन्हा छापलं. आणि मग प्रश्न बदलला. 'रीडिंग चुकलं का?' याऐवजी त्यांनी विचारलं, 'असं रीडिंग यायला नक्की काय घडत असलं पाहिजे?'

त्यातून एक संशयित पुढे आला, सरासरी. त्या क्ष-किरण उपकरणांना ज्वालेतल्या जागा वेगळ्या करता येत नव्हत्या. कमानीचे पाय, कमानीचा माथा, आत्ता पेटलेली कमान, पाच मिनिटांपूर्वी पेटून शांत झालेली कमान, सगळ्यांचा प्रकाश एकाच रेषेत ओतला जात होता. स्थिर झालेला वायू दाट आणि तेजस्वी, नुकता उसळणारा वायू थोडा आणि मंद. बेरजेत स्थिरच जिंकणार. रूमच्या खिडकीतून गॅदरिंगचा आवाज ऐकला तर नुसता गोंगाट येतो, कोण कोणतं गाणं म्हणतंय ते कळत नाही. तसंच हे. गोंगाटाचं रीडिंग खोटं नसतं. ते एका गायकाचं नसतं, एवढंच.

२००६ साली गेलेल्या हिनोडे या जपानी उपग्रहाने चित्र थोडं स्पष्ट केलं. काही ठिकाणी रेषा पूर्ण सरकलेली दिसली, तरी अनेकदा मिसळच हाती लागली. मग २७ जून २०१३ रोजी नासाचा आयरिस हा छोटेखानी उपग्रह गेला. त्याची दुर्बीण जेमतेम १९ सेंटिमीटरची, पण सूर्यावरचे सुमारे २४० किलोमीटरचे बारकावे वेगळे करणारी. म्हणजे साधारण पुणे ते कोल्हापूर. सूर्याचा व्यास चौदा लाख किलोमीटर आहे हे लक्षात घेतलं की याचं मोल कळतं.

१० सप्टेंबर २०१४ रोजी एक्स १.६ वर्गाची ज्वाला उठली. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा होत आले होते. आयरिसची फट एकाच जागी रोखलेली होती आणि ती दर ९.४ सेकंदांनी वर्णपट टिपत होती. ज्वालेची तेजस्वी पट्टी फटीवरून सरकत गेली, तसे फटीवरचे बिंदू एकामागून एक पेटत गेले. ग्रॅहम आणि काउझी या दोघांनी २०१५ साली याचा शोधनिबंध छापला. प्रत्येक नव्या बिंदूवर तीच कहाणी घडत होती. लोह-२१ ची रेषा सेकंदाला ३०० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने वर, मॅग्नेशियमची रेषा ४० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने खाली, आणि मग हळूहळू सगळं शांत. अनेक दहा बिंदूंचे आलेख, पेटण्याची वेळ शून्य धरून एकमेकांवर ठेवले, तर विलक्षण सारखे निघाले. इतर ज्वालांतही आयरिसला लोह-२१ ची रेषा अख्खी सरकलेली सापडली.

म्हणजे सिद्धांतही खरा होता आणि जुनं न जुळलेलं रीडिंगही खरं होतं! एक ज्वाला म्हणजे एक कमान हे आपलं गृहीतक तेवढं खोटं होतं. ज्वाला म्हणजे एकामागून एक पेटणाऱ्या शेकडो बारीक दोऱ्यांची माळ. ही माहिती जुन्या रीडिंगमध्ये पहिल्यापासून होती. शेपूट आणि स्थिर रेषा यांच्या प्रमाणात ती लपलेली होती. कुणी ती खाडाखोड करून 'जुळवली' असती, तर बारीक नजरेचा उपग्रह हवा हे कळलंच नसतं.

आता कुणी म्हणेल, की शास्त्रज्ञ आकडे बदलत नाहीत काय? वजाबाक्या करतातच ना! करतात. आणि हाच मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लोह-२१ च्या रेषेला लागूनच १३५४.२९ अँगस्ट्रॉमला कार्बनची एक बारीक रेषा आहे. ज्वालेच्या पट्टीवर ती उजळते आणि लोहाच्या रुंद रेषेत मिसळते. ती वेगळी काढून वजा करावीच लागते. शून्य कुठे धरायचं हा प्रश्न तर त्याच्याही आधीचा. त्यासाठी १३५५.६ अँगस्ट्रॉमची ऑक्सिजनची रेषा पट्टी म्हणून वापरतात, कारण ती अरुंद असते आणि फारशी हलत नाही. पण या प्रत्येक वजाबाकीला कारण असतं, ते कारण उत्तर बघायच्या आधी ठरलेलं असतं आणि शोधनिबंधात लिहिलेलं असतं. दुसऱ्या कुणालाही ती वजाबाकी उलटी करून मूळ आकड्यापर्यंत जाता येतं. माझ्या २० अंश २२ मिनिटांवरून मूळ आकड्यापर्यंत कुणाला जाता येईल? ब्रह्मदेवालाही नाही. दुरुस्ती आणि कुकिंग यांच्यात फरक आहे तो हा. आकडा बदलला की नाही हा प्रश्नच नाही. परतीचा रस्ता ठेवला की पुसला, हा खरा प्रश्न.

आणि गंमत म्हणजे गोष्ट इथे संपत नाही. त्याच १० सप्टेंबरच्या निरीक्षणात खालच्या थरातला वायू आधी खाली दाबला गेला आणि वरची उसळी काही ठिकाणी मिनिटाहूनही जास्त उशिरा दिसली. धक्का एकच, मग एक पाय आधी आणि दुसरा उशिरा का? तेही छापलंय, लपवलेलं नाही. मॅग्नेशियमच्या रेषेचं बघा. शांत सूर्यावर तिला दोन शिखरं आणि मध्ये खड्डा असतो, कारण वरचा थर खालून येणारा प्रकाश मध्यभागीच शोषून घेतो. ज्वालेच्या पट्टीत हा खड्डा बहुधा बुजतो आणि एकच शिखर उरतं. पण पुढे सरकणाऱ्या पट्टीच्या अगदी कडेला कधीकधी उलटच दिसतं, खड्डा आणखी खोल! सिलिकॉन-४ च्या जोडीचं प्रमाण पुस्तकाप्रमाणे दोनास एक असायला पाहिजे, पण ते फक्त वायू पारदर्शक असेल तेव्हा. ज्वालांत काही ठिकाणी ते दोनापेक्षा कमी भरतं, म्हणजे तिथे वायू त्या रेषेसाठी पारदर्शक राहिलेला नसावा. प्रत्येक न जुळणारा आकडा आपल्याला सूर्याबद्दल काहीतरी सांगतोय. जुळणारे आकडे फक्त 'बरोबर' म्हणतात आणि गप्प बसतात.

हे अतिनील लांब वाटत असेल तर आमच्या सोडियम लॅम्पच्या शेजारचीच गोष्ट घ्या. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास ग्रहण दिसलं. सूर्याच्या कडेच्या ज्वालांत एक पिवळी रेषा दिसली. पिवळी म्हणजे सोडियमच, असं मानणं किती सोपं होतं! पण नीट मोजल्यावर ती सोडियमच्या ५८९० आणि ५८९६ वर बसेना, ५८७६ च्या आसपास निघाली. फरक फक्त पंधरा-वीस अँगस्ट्रॉमचा. आमच्या बॅचमध्ये तो कुणीही 'एरर' म्हणून गिळला असता. नॉर्मन लॉकियरने तो गिळला नाही, आणि त्यातून नवीन मूलद्रव्य निघालं, हेलियम. पृथ्वीवर ते सापडायला १८९५ साल उजाडलं. हाच लॉकियर पुढे २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला आपल्या कोकणात, विजयदुर्गला तळ ठोकून होता. विजयदुर्गला ट्रिपला गेलात तर किल्ल्यात फोटो काढताना त्या वीस अँगस्ट्रॉमची आठवण ठेवा.

आता परत आमच्या डार्करूममध्ये येतो. सेमिनारची तयारी करताना एका रात्री मी रूमपार्टनरला हे सगळं ऐकवत होतो. तो उठला, ट्रंक उघडली आणि एफईचं जर्नल काढलं. 'रिपीट'वालं पान त्याने ठेवलं होतं! आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. डी साइन थीटा बरोबर एन लॅम्डा हे सूत्र आपण घोकतो, पण ते खरं असतं फक्त प्रकाश ग्रेटिंगवर अगदी काटकोनात पडत असेल तेव्हा. ग्रेटिंग जरा तिरकी बसली असेल तर? डावीकडचा कोन वाढतो, उजवीकडचा कमी होतो. मग दोन कोन म्हणजे दोन समीकरणं, आणि अज्ञातंही दोनच, एक तरंगलांबी आणि दुसरं ग्रेटिंगचं तिरकेपण. सोडवली. ग्रेटिंग निघाली ५ अंश तिरकी. आणि तरंगलांबी? ५८९३ अँगस्ट्रॉम!

आम्ही दोघं काही वेळ गप्पच बसलो. 'रिपीट' पडलेल्या पानावर बरोबर उत्तर होतं, आणि वर त्या दिवशी उपकरण कसं बसवलं होतं त्याचीही नोंद होती. माझ्या 'गुड'वाल्या पानावर काय होतं? सीनियरच्या जर्नलमधला एक आकडा, सुवाच्य अक्षरात. ग्रेटिंग ५ अंश तिरकी होती म्हणजे आमच्या टेबलावरच्या पाचही जणांची तिरकी होती. पाचांपैकी चौघांच्या जर्नलमध्ये ती सरळ आहे.

काही जण म्हणतील, एवढं काय मनाला लावून घेतोस, एफईचं प्रॅक्टिकल ते! तर त्यांना विचारतो, की ही सवय डिग्रीबरोबर कॉलेजमध्येच जमा होते का? उद्या सिव्हिलवाला साइटवर काँक्रीटच्या क्यूबची २८ दिवसांची टेस्ट घेईल. पाच क्यूब पास, एक कमी भरला. त्याला आपण चार वर्षं काय शिकवलंय? यायला पाहिजे ते लिही. इलेक्ट्रिकलवाला अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजेल, मेकॅनिकलवाला बेअरिंगचं व्हायब्रेशन मोजेल. बाकीच्यांशी न जुळणारा तो एक आकडा हीच कदाचित पहिली आणि शेवटची सूचना असेल. सूर्याची ज्वाला आपली वाट बघत थांबत नाही, तसा स्लॅबही थांबत नाही.

दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर स्टाफरूममध्ये माझी खैर नाही. सर-मॅडम म्हणतात, वीस मुलांची बॅच, दोन तास, जुनी उपकरणं. 'खरं रीडिंग' म्हणून मुलं वाट्टेल ते लिहून आणतात, फोकससुद्धा केलेला नसतो. हे शंभर टक्के खरं आहे. निष्काळजीपणाला प्रामाणिकपणाचं लेबल लावणारेही आपल्यातच आहेत. पण या दोघांना वेगळं ओळखता येतं. निष्काळजी माणसाला आकडा तेवढा देता येतो. प्रामाणिक माणसाला आकडा देता येतो आणि तो कसा घेतला हेही सांगता येतं. आयरिसवाल्यांनी ऑक्सिजनच्या रेषेवर पट्टी तपासली, तसं 'तू तुझं शून्य कशावर तपासलंस?' एवढा एकच प्रश्न व्हायव्हाला विचारा. दूध का दूध होऊन जाईल.

म्हणून माझ्या तीन साध्या सूचना आहेत. त्यांना पैसे लागत नाहीत, कमिटी नेमावी लागत नाही.

पहिली, ऑब्झर्व्हेशन टेबल लॅबमध्येच पेनने भरायचं आणि तिथेच त्यावर सही घ्यायची. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, शेजारी नवा आकडा आणि कारण लिहायचं. व्हाइटनर बंद.

दुसरी, प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी 'काय जुळलं नाही आणि का असेल' यासाठी अर्धं पान. दहापैकी तीन मार्क त्याला. उत्तर ५८९३ आलं नाही तरी हे तीन मार्क मिळाले पाहिजेत, आणि ५८९३ आलं म्हणून ते आपोआप मिळता कामा नयेत.

तिसरी हॉस्टेलसाठी. सीनियरची जर्नलं रूमारूमांतून फिरतात ती फिरू देत, थिअरी आणि आकृत्यांसाठी. पण देताना रीडिंगचं पान काढून ठेवा. ज्युनिअरवर खरं प्रेम असेल तर त्याला एवढी तरी अडचण येऊ द्या.

आणि ज्यांना वाटतं, की असलं काम नासातच होतं, त्यांच्यासाठी. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून आदित्य-एल१ निघालं आणि ६ जानेवारी २०२४ रोजी आपल्या कक्षेत पोचलं. त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण आपल्या पुण्याच्या आयुकाने इस्रोच्या साथीने तयार केली. २००० ते ४००० अँगस्ट्रॉमच्या पट्ट्यात सूर्याचे फोटो घेणारे ११ फिल्टर तिच्यात आहेत, मॅग्नेशियमच्या त्याच एच आणि के रेषांसाठीचे फिल्टरही त्यात आले. ती आयरिससारखा वर्णपट काढत नाही, ती पूर्ण सूर्याचं चित्र काढते. २२ फेब्रुवारी २०२४ ची एक्स ६.३ वर्गाची ज्वाला तिने टिपली. आयरिसची निरीक्षणं सगळ्यांसाठी खुली आहेत, आदित्यचीही इस्रोने खुली केली आहेत. प्रोजेक्टला विषय शोधत हिंडणाऱ्यांनी एखादी ज्वाला उतरवून घ्यावी आणि १३५४ ची रेषा स्वतः बघावी. तिथे सीनियरचं जर्नल मिळणार नाही. रेषा कुठे आहे ते आपल्यालाच मोजावं लागेल, आणि ती असेल तिथेच लिहावी लागेल.

माझं एफईचं जर्नल मी परवा काढलं. 'गुड' अजून लालभडक आहे. त्याखाली मी पेनने एक ओळ लिहिली, 'हे रीडिंग घेतलेलं नाही.' खाली सही केली आणि तारीख टाकली. मार्क आता कुणी कापणार नाही, ते मला माहीत आहे. पण या वर्षी एफईच्या बॅचला ग्रेटिंग लागेल तेव्हा डावं-उजवं जुळलं नाही, तर घाबरू नका. आमच्या रूमवर या. दोन समीकरणं तयार आहेत, चहा तुमच्याकडून.